पोटात पाय, पाठीवर घर

मैत्रिणींनो, जरा आपल्या घरातला देव्हारा, शोकेस आणि मुलांचं खेळण्यांचं खोकं डोळ्यांसमोर आणा बरं. शंख, कवडी, शिंपला यांपैकी काही ना काही त्यांत सापडणारच. देव्हाऱ्यात पूजेचा शंख, परडीत कवड्यांची माळ, शोकेसमध्ये गणपतीपुळ्याहून आणलेला रंगवलेला शंख, आणि मुलांच्या खोक्यात सहलीहून आणलेले मूठभर शिंपले, ज्यांच्या वासाने आपण नाकाला पदर लावतो. आता मला सांगा, यांतल्या एकाचं तरी खरं नाव तुम्हांला ठाऊक आहे? तो कुठल्या समुद्रातला, त्यात राहणारा जीव काय खात होता, तो आपोआप मेला की तुमच्या शोकेससाठी त्याला मारलं, हे सांगता येईल?

बोंबील ताजा की शिळा हे आपण दुरून ओळखतो, तांदळाचा दाणा दाताखाली धरून जुना की नवा ते सांगतो. मग हीच नजर शंख-शिंपल्यांवर का पडू नये?

हे मी कुडपणहून लिहिते आहे, म्हणून कुणाला हसू येईल. पोलादपूर तालुक्यातलं हे आमचं गाव सह्याद्रीच्या अगदी माथ्याशी, रायगड, सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या हद्दी जिथे एकमेकींना भिडतात तिथे. पावसाळ्यात धबधबा बघायला मुंबई-पुण्याची मंडळी येतात, एरवी शांत. समुद्राचा आणि आमचा संबंध म्हणाल तर सुकट-जवळ्यापुरता! पण जवळच्या प्रतापगडावर भवानी आहे आणि तिच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. ही कवडी आमच्या डोंगरात पिकत नाही. कोकणच्या किनाऱ्यावरही ती सहजी मिळत नाही. ती मालदीव, लक्षद्वीपकडच्या उथळ, कोमट पाण्यातली. शेकडो वर्षं जहाजांत भरून ती बंगालच्या आणि गुजरातच्या बंदरांत आली, पैसा म्हणून चालली. कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक हे शब्द आपल्या तोंडी बसले ते त्यामुळेच. घट्ट लागलेल्या दह्याला कवडी दही म्हणणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी समुद्र पाहिला असो वा नसो, कवडी पाहिली होती.

या कवडीला शास्त्रात नाव आहे ‘मोनेटारिया मोनेटा’. लिनिअस या स्वीडिश पंडिताने १७५८ साली तिला ‘सिप्रिया मोनेटा’ म्हटलं होतं. पुढे कुळांची फेरमांडणी झाली आणि पहिलं नाव बदललं. अगदी आपल्यासारखंच, सासरी गेल्यावर नाव नवं. पण मोनेटा, म्हणजे नाण्याची, हे माहेरचं नाव मात्र तिचं कायम राहिलं.

गोगलगाय अन् पोटात पाय

साळसूद माणसाला आपण ही म्हण लावतो. पण तिच्यात अख्खं प्राणिशास्त्र आहे हो! शंखवाल्या प्राण्यांच्या वर्गाला शास्त्रज्ञांनी ग्रीक शब्दांवरून जे नाव दिलं, त्याचा अर्थच ‘पोट-पाय’. आपल्या क्रमिक पुस्तकांत त्याचं ‘उदरपाद’ झालं आणि मुलं ते पाठ करून विसरून गेली. मी शाळेत तासिकेवर शिकवते. तिथे मी ‘उदरपाद’ फळ्यावर लिहिते आणि त्याखाली ही म्हण लिहिते. मग विसरत नाहीत.

शंख ओळखायला शिकायचं तर पहिली पायरी ही, की हातातली वस्तू एकपाखी आहे की दुपाखी. तिसऱ्या, कालवं, शिणाणे यांना दोन झडपा असतात. ते शिंपले, उदरपाद नव्हेत. पूर्वी गोव्याकडे खिडक्यांना काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक चकत्या लावत, त्याही शिंपल्याच. ज्याला एकच घर आणि तेही बहुधा वेटोळ्याचं, तो आपला पोटात पायवाला.

दुसरी पायरी तोंडाची. शंखाचं टोक वर धरा, तोंड आपल्याकडे करा. तोंडाची कड सगळीकडून अखंड, गोल किंवा अर्धगोल असेल, तर तो प्राणी बहुतेक खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारा, म्हणजे शाकाहारी. कडेला खाली खाच किंवा नळी असेल, तर बहुधा मांसाहारी. त्या खाचेतून तो एक लांब नळी बाहेर काढतो आणि पाण्यातला भक्ष्याचा वास घेत पुढे सरकतो. अपवाद आहेतच. एका गुळगुळीत, गरगरीत शंखाचं तोंड अगदी अखंड, पण ती मोठी दरोडेखोर! तिला इंग्रजीत चंद्र-गोगलगाय म्हणतात. वाळूत घुसून ती शिंपल्याला पायाने कवटाळते, त्याला गिरमिटाने पाडावं तसं गोल भोक पाडते आणि आतला जीव खाऊन टाकते. किनाऱ्यावर भोक असलेले शिंपले मिळतात ना, ज्यांत मुली दोरा ओवून माळा करतात? ती भोकं बऱ्याचदा हिचीच. भोकाची कड वाटीसारखी उतरती असली तर खुशाल तिचं नाव घ्या. सरळ उभं भोक असेल तर दुसऱ्या एका काटेरी शंखाच्या घराण्यावर संशय घ्यावा.

तिसरी पायरी रंगाची, आणि इथेच बहुतेकजणी फसतात. कोकणच्या वाळूत बटणाएवढे, चपटे, चकचकीत शंख हजारोंनी मिळतात. ‘अम्बोनियम व्हेस्टिअरियम’ त्यांचं नाव. एक गुलाबी, एक करडा, एकावर पट्टे, एकावर नागमोडी नक्षी. मुलींना मी ते निवडायला दिले, तर त्यांनी रंगांप्रमाणे अकरा ढीग केले आणि अकरा जाती झाल्या म्हणून सांगितलं. जात एकच! जसे एकाच आईचे एक गोरं, एक सावळं. म्हणून रंगाआधी घडण बघावी: वेटोळी किती, उंची-रुंदीचं प्रमाण काय, तोंडाच्या आतल्या कडेला दात किंवा घड्या आहेत का. लहान वयाची कवडी तर कवडीसारखी दिसतही नाही. तिचं तोंड उघडं आणि ओठ पातळ असतो. मोठी झाल्यावर तो ओठ आत वळतो आणि दात येतात.

चौथी पायरी जागेची. खडकावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात टपोऱ्या दाण्यांसारखे चिकटलेले असतात ते नेरिटा. मुंबई-कोकणातल्या त्यांच्या एका जातीच्या नावात ‘ओरायझा’ म्हणजे तांदूळ आहे. खाडीच्या चिखलात, कांदळवनात बोटभर ते वीतभर उंच, मळकट, सुळक्यासारखा शंख दिसला तर तो ‘टेलिस्कोपियम’. त्याला वाळूच्या किनाऱ्यावर कुणी शोधत बसू नये. जागा ठाऊक असली की निम्मं काम झालं. आणि जागा ठाऊक नसली की काय होतं, ते आता सांगते.

ट्रंकेतले त्रेचाळीस

माझे सासरे जहाजावर खलाशी होते. मी या घरात आले तेव्हा ते नव्हते, पण माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात जुन्या धोतराच्या चिंध्यांत बांधलेले त्रेचाळीस शंख. एकावरही चिठ्ठी नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या आठवीच्या मुलींना मी ते दाखवले आणि आम्ही यादी करायला बसलो.

काही शंख स्वतःच बोलले. एक चिमुकला, चकचकीत, गुलाबी-तपकिरी नक्षीचा, जणू रेशमी साडीचा तुकडा. तो ‘फेझियानेला ऑस्ट्रॅलिस’. हा ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यापलीकडे कुठे राहत नाही, तेव्हा सासरे तिथल्या एखाद्या बंदराला गेले होते एवढं नक्की. एक मोठा, घमेल्यासारख्या पोटाचा ‘मेलो’. उत्तर ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी असल्या शंखाने होडीतलं पाणी उपसत. पण त्याच गाठोड्यात मुठीएवढी, काळ्या ठिपक्यांची वाघकवडी होती. ती आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट हवाई बेटांपर्यंत सगळीकडे मिळते. कुठल्या बंदरात घेतली हे ती सांगू शकत नाही. ते एकच माणूस सांगू शकत होतं: माझ्या सासूबाई. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे आणि सकाळी काय जेवलो हे त्यांना संध्याकाळी आठवत नाही.

मुलींनी त्यांच्यापुढे एकेक शंख ठेवायला सुरुवात केली. बंदराचं नाव विचारलं की त्या गप्प. सन विचारलं तर हसायच्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड, टोपीसारखा एक शंख उचलला आणि म्हणाल्या, “ह्यो बटनाचा. तुजं सासरं म्हनायचं, याची बटनं पाडत्यात. थोरल्याच्या बारशाला आले तवा आनलावता.” तो निघाला ‘ट्रोकस’. प्लॅस्टिक येण्यापूर्वी सदऱ्याची, ब्लाउजची चमकदार शिंपली बटणं त्याच्यापासून होत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टोरेस सामुद्रधुनीत त्याची मोठी पकड चाले आणि आपल्या अंदमानातही. गोष्ट खरी होती तर!

मग आम्हांला गुरुकिल्ली सापडली. आम्ही सन विचारायचं सोडलं. बारसं कुणाचं, लग्न कुणाचं, म्हैस कधी व्याली, कुठल्या वर्षीच्या पावसात पडवी पडली, हे विचारायला लागलो. थोरल्या दिरांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर होती. सासऱ्यांचं खलाशाचं नोंदणीपुस्तक, ज्याला ते लोक सीडीसी म्हणतात, ट्रंकेच्या तळाशी होतं. जहाजावर चढले कधी, उतरले कधी, त्याच्या तारखा त्यात. बारसं आणि तारखा जुळवल्या की शंखाची खेप ठरायची. बंदर नाही, पण खेप तरी.

मुलींनी वहीत एक जादा रकाना आखला: ‘कोणी सांगितलं’. सासूबाईंनी सांगितलेलं निळ्या शाईत, त्यांच्याच शब्दांत, ‘आनलावता’ म्हणजे ‘आनलावता’. आम्ही तर्काने ठरवलेलं पेन्सिलने. हे माझं डोकं नव्हे हं, एका मुलीचं. ती म्हणाली, “बाई, नंतर कुणाला वाटेल की सगळं आजींनीच सांगितलं.” मोठमोठ्या संग्रहालयांत याच पद्धतीने काम चालतं हे तिला ठाऊक नव्हतं.

सत्तावीस शंखांची हकीगत मिळाली. मग त्या दमल्या आणि एकाच शंखाला दोन दिवशी दोन हकिगती सांगू लागल्या, तेव्हा आम्ही थांबलो. उरलेल्या सोळांपुढे जागा कोरी आहे. पाच वर्षांपूर्वी विचारलं असतं तर कदाचित भरली असती. तुमच्या घरात कुणी फिरतीवर, जहाजावर, पलटणीत होतं का? त्यांनी आणलेल्या वस्तूंच्या हकिगती ज्यांना ठाऊक आहेत त्या आज्यांना आजच विचारा, दिवाळीच्या सुट्टीवर टाकू नका.

यादीने काय होतं?

‘एवढा खटाटोप करून मिळतं काय?’ असं आमच्या शेजारणी विचारतात. त्यांना मी मुंबईची गोष्ट सांगते. १८९३ साली इंग्लंडातल्या मँचेस्टरमध्ये मुंबईच्या समुद्रातल्या शंख-शिंपल्यांची एक यादी छापली गेली. अबरक्रॉम्बी नावाच्या गृहस्थाने इथल्या किनाऱ्यावर फिरून जमवलेल्या शंखांवर त्याने आणि जेम्स कॉस्मो मेल्व्हिल या जाणकाराने मिळून ती केली. पुढे सुब्रह्मण्यम, करंदीकर आणि मूर्ती या तिघांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९४९ साली शिंपल्यांवर आणि १९५१-५२ मध्ये शंखांवर सविस्तर लेख लिहिले. १९९८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दीपक आपटे यांचं भारतीय शंख-शिंपल्यांवरचं सचित्र पुस्तक काढलं, ते सामान्य माणसालाही हाताळता येतं. आणि २०१७ साली प्रदीप पाताडे आणि त्यांच्या दोन तरुण साथीदारांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला. ते ओहोटीच्या वेळी सर्वसामान्य लोकांना घेऊन गिरगाव, हाजी अली, जुहूच्या किनाऱ्यांवर जातात, प्राणी हलवत नाहीत, फोटो काढतात आणि जागा-तारखेसकट नोंद करतात.

आता बघा, २०१८ साली मुंबईत किनारी रस्त्याचं काम निघालं आणि वरळी-हाजी अलीच्या खडकांवर भराव पडू लागला. त्या खडकांवर जीव आहे, प्रवाळसुद्धा आहे, हे कुणाच्या म्हणण्यावर कोण मानणार? पण तिथल्या नोंदी होत्या, छायाचित्रं होती. प्रवाळांच्या काही वसाहती तिथून उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. रस्ता थांबला नाही ही गोष्ट वेगळी. तरी ‘इथे काहीच नव्हतं’ असं म्हणायची सोय कुणाला उरली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या यादीतला एखादा शंख आज दिसत नसेल, तर तो गेला हे म्हणायलाही ती यादीच हवी ना!

ऑस्ट्रेलियात हे काम फार नेटाने झालं आहे. सिडनीचं ऑस्ट्रेलियन म्युझियम १८२७ सालचं. तिथे जॉइस ॲलन नावाच्या बाईंनी उभं आयुष्य शंखांच्या विभागात काढलं. चित्रंही त्या स्वतः काढत. १९५० साली त्यांचं ऑस्ट्रेलियन शंखांवरचं पुस्तक आलं आणि १९५६ साली जगभरच्या कवड्यांवरचं. किनाऱ्यावर फिरणाऱ्या साध्यासुध्या बायाबापड्यांनी त्या पुस्तकांवरून शंख ओळखले. आपल्याकडे मराठीत असं एखादं जाडजूड पुस्तक घरोघर असावं असं मला फार वाटतं.

देव्हाऱ्यातला सौदा

यादी नको, पण फसवणूक तरी नको ना? माझ्या ओळखीच्या एका बाईंनी मुंबईच्या एका प्रदर्शनात ‘दक्षिणावर्ती शंख’ अकरा हजार रुपयांना घेतला. घरात लक्ष्मी टिकेल म्हणून. मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे होते ते. मला दाखवायला आणला तेव्हा मी आधी पाणी दिलं आणि मग सांगितलं.

पूजेचा खरा शंख ‘टर्बिनेला पायरम’. तो मन्नारच्या आखातात, तुतिकोरीन-रामेश्वरकडे, आणि कच्छच्या आखातात मिळतो. बंगाली सवाष्णींच्या पांढऱ्या बांगड्या त्याच्याच. शास्त्रज्ञ शंखाचं टोक वर धरतात, तेव्हा नेहमीच्या शंखाचं तोंड उजवीकडे येतं. आपले भटजी उलट धरतात, चोच वर. म्हणून त्याच शंखाचं तोंड डावीकडे येतं आणि आपण त्याला वामावर्ती म्हणतो. नावं उलटी वाटतात ती एवढ्यासाठी, भांडण काही नाही. याच्या उलट वळलेला खरा दक्षिणावर्ती लाखांत एखादा, असं म्हणतात. मग बाजारात टोपल्या भरून कुठून येतात? ते अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, मेक्सिकोच्या आखातातले वेगळ्याच जातीचे शंख. त्या जातीत तोंड उलट्या बाजूला असणं हीच नेहमीची रीत! तिथे त्याला दुर्मीळ कुणी म्हणत नाही.

ओळख सोपी आहे. खरा शंख जाड, हाताला जड, चिनी मातीसारखा. तोंडाच्या आत, मधल्या दांड्यावर बोट फिरवा. तीन-चार ठसठशीत आडव्या घड्या लागतील. अमेरिकन शंखाचा दांडा गुळगुळीत असतो, तो त्यामानाने हलका, खाली लांब निमुळता आणि बऱ्याचदा खांद्यावर गाठी असलेला. बोट फिरवायला पैसे पडत नाहीत. दुकानदार हात लावू देत नसेल तर तिथूनच परत फिरावं. त्या बाईंचे पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या खेपेला त्या प्रदर्शनात गेल्या आणि रांगेतल्या चार बायकांना बोट फिरवायला शिकवून आल्या.

आणखी एक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ साली काही शंख-शिंपले घातले गेले. मोठे शिरस्त्राण-शंख, राक्षसी शिंपला, आमच्या ट्रंकेतला तो ट्रोकससुद्धा. असे शंख विकणं-विकत घेणं गुन्हा आहे. शोभेच्या दुकानातला शंख हातात घेण्यापूर्वी याचा विचार करा.

जपावं कसं?

किनाऱ्यावरून रिकामेच शंख आणा, तेही मोजके. आत डोकावून बघा. झाकण दिसलं किंवा पाय हलले तर जिथून उचलला तिथेच ठेवा. रिकाम्या शंखात खेकड्यांची एक जात बिऱ्हाड करते, सगळे शंख आपणच उचलले तर त्यांनी जायचं कुठे? सुळक्याच्या बाजूला रुंद आणि खाली निमुळता, उलट्या ठेवलेल्या कोनासारखा शंख जिवंत दिसला तर मुलांना मुळीच उचलू देऊ नका. त्या कुळातले प्राणी विषारी सुई मारतात. १९३५ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये हेमन बेटावर एका तरुणाचा अशा शंखाने जीव घेतला. त्याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीच्या विषावरून पुढे असह्य वेदनांवरचं औषध तयार झालं, ही देवाची करणी.

जायचं केव्हा? भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. अर्धा-पाऊण तासाचा फरक धरा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत पाणी सर्वांत दूर जातं. आम्ही पोलादपूर, महाड, म्हसळा करत हरिहरेश्वरला मुलींना नेलं ते द्वितीयेला. साडेसातच्या ओहोटीला सातला खडकांवर आणि पाणी वळताच बाहेर. तिथल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी माणसं ओढून नेली आहेत, तेव्हा एकीने फक्त समुद्राकडे बघत उभं राहायचं, हा आमचा नियम.

घरी आल्यावर शंख साध्या पाण्यात दोन दिवस भिजत ठेवा, पाणी रोज बदला, जुन्या टूथब्रशने घासा, सावलीत वाळवा. लिंबू किंवा व्हिनेगर चुकूनही नको. शंख म्हणजे चुनखडीच, आंबट लागलं की फसफसून विरघळतो. ब्लीचिंग पावडरही नको, वरची तपकिरी साल जाते आणि ती तर ओळखीची खूण. चमक हवीच असेल तर औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब पुरे. खोबरेल तेल खवट होतं आणि मुंग्या लागतात, अनुभव घेऊ नका.

लाकडी कपाटात शंख ठेवणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. दमट हवेत काही लाकडांतून आणि पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ निघते आणि शंखांवर पांढरी भुकटी धरते. १८९९ साली बाइन नावाच्या इंग्रजाने या ‘रोगा’बद्दल लिहिलं, त्याला तो जंतूंमुळे होतो असं वाटलं होतं. जंतू नव्हे, हवाच. आमच्याकडे पावसाळ्यात पापडाच्या डब्याला बुरशी येते, तिथे शंखांची काय कथा! म्हणून मिठाईची पुठ्ठ्याची खोकी नकोत. प्लॅस्टिकचे झाकणाचे डबे घ्या, बारीक शंखांना होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या फार छान. चिठ्ठी पेन्सिलने लिहावी, बॉलपेनची शाई दमटपणाने फुटते. चिठ्ठीवर जागा, तारीख, वाळू-खडक-चिखल काय होतं ते आणि कोणाला मिळालं ते. नाव नंतर लिहिलं तरी चालतं. नाव शंखावरून पुन्हा काढता येतं, जागा आणि तारीख मात्र कुणालाही काढता येत नाही.

ज्या मैत्रिणींना समुद्र दूर आहे त्यांनी हिरमुसू नये. जूनच्या पहिल्या पावसानंतर अंगणात, केळीच्या बुंध्याशी, दगडी गडग्यावर कंदील घेऊन बघा. जमिनीवरच्या गोगलगायी निघतात, आणि सह्याद्रीत त्यांच्या कितीतरी जाती आहेत. त्या ओळखण्याला महत्त्व आहे. मोठी आफ्रिकन गोगलगाय १८४७ साली बेन्सन नावाच्या साहेबाने कलकत्त्याला आणली आणि तिथून ती देशभर पसरली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, शेतकऱ्यांना पुन्हा पेरणी करावी लागली. शत्रू कोण आणि आपली निरुपद्रवी कोण हे कळल्याशिवाय दिसेल तिच्यावर मीठ टाकत सुटणं बरं नव्हे.

आमच्या मुलींनी यंदा कुडपणच्या गडग्यांवरून नऊ प्रकारच्या गोगलगायी वहीत उतरवल्या. चारींना नावं मिळाली. पाचांच्या पुढे तूर्त फक्त आकडा, जागा, तारीख, आणि पाऊस पडत होता की थांबला होता एवढंच लिहिलेलं आहे.